एक चांगलं, एक वाईट

मी वीस वर्षं व्हिडिओ गेमच्या डिस्क भाड्याने दिल्या आणि त्यातली पहिली बारा वर्षं स्वतः एकही गेम खेळले नाही. हे सांगितलं की लोक हसतात. हलवाई काही रोज जिलब्या खात बसत नाही, एवढंच उत्तर मी देते. खरं कारण वेगळं होतं. मला भीती वाटायची. पडद्यावर काही अंगावर धावून आलं की माझ्या हातातून कंट्रोलर सुटायचा, आणि गिऱ्हाइकांसमोर ते बरं दिसलं नसतं.

दुकान लालबागला, मसाला गल्लीच्या तोंडाशी. दुकान म्हणजे आठ फूट बाय सहा फूट, त्यात तीन भिंतींना फळ्या. माझ्या धाकट्या भावाने, मिलिंदने ते थाटलं आणि वर्षभरात त्याला आखातात नोकरी लागली. मी तेव्हा टीव्ही दुरुस्तीच्या एका दुकानात सोल्डरिंग करायचे. जाताना म्हणाला, "तायडे, तू फक्त बस. डिस्क द्यायची, डिस्क घ्यायची. पोरांना सगळं माहीत असतं." तो परत आलाच नाही, तिकडेच रमला. मी बसले ती बसलेच.

ज्यांना हे जग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचा डबा. त्यात डिस्क घालायची, हातात बटणांचा कंट्रोलर धरायचा आणि पडद्यावरचा माणूस, गाडी, जहाज, जे असेल ते आपण चालवायचं. खेळ कुठवर आला ते आमच्या जुन्या मशीनमध्ये मेमरी कार्डात साठवावं लागे. कार्ड असतं जेमतेम दोन बोटांएवढं. डिस्क दुकानाची, कार्ड ज्याचं त्याचं. खेळ साठवण्याला सगळे 'सेव्ह मारणं' म्हणत. कार्ड बिघडलं तर महिनोन्‌महिन्यांचा खेळ गेला, आणि त्याची दाद कुठे मागता येत नाही.

डिस्क देण्याबरोबर मी मशीनही दुरुस्त करायचे, आणि खरं सांगायचं तर माझा जीव त्यातच होता. मशीन उघडलं की घर कळायचं. गल्लीतल्या घरांतल्या मशीनच्या पंख्यात मिरचीची लाल पूड बसलेली असे. मे महिन्यात तर झाकण काढण्याआधी मी तोंडाला ओढणी बांधायचे. वरळी कोळीवाड्यातून आलेल्या मशीनचे स्क्रू खाऱ्या हवेने गंजलेले. काही मशीनमध्ये ऊब मिळते म्हणून झुरळांनी संसार थाटलेला. मालक विचारायचा, काय झालं होतं? मी म्हणायचे, भाडेकरू होते, काढले.

पण हे सगळं आजूबाजूचं. मला सांगायचं आहे ते चिठ्ठ्यांबद्दल.

माझे वडील गिरणीत कामाला होते आणि संध्याकाळी वरळीच्या आमच्या बीडीडी चाळीतल्या विहाराचं वाचनालय सांभाळायचे. दोन कपाटं पुस्तकं. तिथे त्यांनी एक दंडक घातला होता. पुस्तक परत करताना वहीत मत लिहायचं, एक चांगलं आणि एक वाईट. नाही लिहिलं तर पुढचं पुस्तक नाही. "मत नाही म्हणजे वाचलं नाहीस," असं ते तोंडावर म्हणत, समोर कुणी का असेना. एकदा कुणीतरी वहीत वडिलांनाच शिवी लिहिली. आईने ते पान फाडायला घेतलं. वडिलांनी वही तिच्या हातातून काढून घेतली. "मत आवडलं नाही म्हणून फाडायचं असेल तर मागायचं कशाला?" ते पान वहीत तसंच राहिलं.

मला गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं. गिऱ्हाईक विचारी, ताई, ह्यातला चांगला कुठला? मी काय सांगणार? म्हणून वडिलांचा दंडक दुकानात आणला. प्रत्येक डिस्कच्या डबीत कोऱ्या चिठ्ठ्या ठेवल्या. डिस्क परत करताना एक चांगलं, एक वाईट, खाली आपला सभासद क्रमांक. सुरुवातीला पोरांनी कटकट केली. ताई, ही काय शाळा आहे का? पण महिन्याभरात सगळे आधी चिठ्ठ्या वाचून मगच डिस्क नेऊ लागले.

काय काय लिहायचे लोक! गाड्यांच्या शर्यतीच्या एका गेमवर एका बसड्रायव्हरने लिहिलं होतं, "चांगलं : गिअरचा आवाज खरा आहे. वाईट : रस्त्यात एक माणूस आडवा येत नाही, ह्यात कौशल्य ते काय?" दोन मुलांच्या आईने एका युद्धाच्या गेमवर लिहिलं, "चांगलं : लोडिंगला इतका वेळ लागतो की तेवढ्यात वरणाला फोडणी होते. वाईट : सगळे शिपाई एकाच चेहऱ्याचे, कोण मेला ते कळत नाही." ह्या बाईंना मी दोनदा चिठ्ठी वाचून दाखवायला लावली होती. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा नाही.

आणि मग पेडणेकर. परळला शाळेचे गणवेश शिवायचे, पन्नाशीचे, एकटे. कारखाना बंद झाला की सरळ माझ्याकडे येत. ह्या गृहस्थांना जगातला एकही गेम पसंत नव्हता. कॅमेरा भलत्याच कोपऱ्यात जातो, उडी मारताना अर्धा क्षण उशीर होतो, शत्रू भिंतीत अडकतो, पात्राच्या सदऱ्याला शिवण दाखवलेली नाही. चांगलं लिहिणं तर सक्तीचं होतं, म्हणून ते लिहायचे, "चांगलं : डबी मजबूत आहे." दुकानात सगळे त्यांना कुरकुरे म्हणत. मीही म्हणायचे, पाठीमागे.

बारा वर्षांत डब्या चिठ्ठ्यांनी फुगल्या. झाकणं लागेनात. पावसाळ्यात कागद ओलसर होऊन डिस्कला चिकटू लागले. मग मी नियम केला, एका डबीत पाचच चिठ्ठ्या. एका दुपारी फळ्या रिकाम्या करून बसले आणि निवडायला घेतल्या. इथे मी चूक केली. प्रत्येकीत दोन्ही असलं तरी पारडं कुठे झुकतं ते कळायचं, म्हणून आधी म्हटलं होतं की तीन चांगलं बोलणाऱ्या आणि दोन वाईट बोलणाऱ्या ठेवायच्या. पण हात चालत गेला तसा मोह होत गेला. ज्या डिस्क पडून होत्या त्यांच्यातल्या नावं ठेवणाऱ्या चिठ्ठ्या मी सरसकट काढल्या. त्यांतल्या पेडणेकरांच्या तर न वाचताच; चालणाऱ्या डिस्कमधल्या तेवढ्या राहिल्या. अक्षर ओळखलं की बाजूला. वडिलांची आठवण आली म्हणून फेकल्या मात्र नाहीत, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरल्या. फेकलं नाही म्हणजे फाडलं नाही, अशी मनाची समजूत घातली.

त्याच वर्षी हिराबाय दुकानात आली.

हिराबाय वरळी कोळीवाड्यातली, लालबागच्या बाजारात मासळी विकायची. दुपारी पाट्या रिकाम्या झाल्या की हात लिंबाने चोळून यायची, आणि तरी दारातच उभी राहायची. तिचा मुलगा दिनेश, अठ्ठावीस वर्षांचा. बोटीवर जाळं ओढताना पाय घसरून मानेवर पडला होता. कमरेखालचं गेलं. डावा हात बरा, उजव्याची बोटं जेमतेम हलत. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, बोटं हलवत राहिलं तर हात थोडाफार परत येईल, पण तो व्यायाम करत नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडायचा. कुणीतरी हिराबायला सांगितलं की गेम खेळला तर बोटं हलतील.

"मला त्यातला कायपण समजत नाय," ती म्हणाली. "तू बाय, तुला ठावं असल ते दे."

मला ठाऊक असेल ते! दोघी सारख्याच होतो. मी दुकानातलं एक जुनं मशीन तिला दिलं आणि कंट्रोलर दोन दिवस माझ्याकडे ठेवून घेतला. उजव्या बाजूची बटणं फार ताठ होती. आतले रबर बदलून मऊ बसवले, दिशा फिरवायच्या छोट्या दांडीवर औषधाच्या बाटलीचं बूच चिकटवलं म्हणजे बोटाला पकड मिळेल, आणि सगळं एका पोळपाटाएवढ्या फळीवर स्क्रूने घट्ट केलं म्हणजे मांडीवर ठेवता येईल. माझ्या हातून झालेल्या कामांमधलं ते सगळ्यांत नीट काम, असं मला अजून वाटतं.

दिनेशची मतं हिराबाय तोंडी आणायची आणि मी लिहून घ्यायचे. फुटबॉलच्या गेमवरचं त्याचं पहिलं मत मला पाठ आहे. "चांगला काय, तर पलायला मिळतं," हिराबाय म्हणाली. "आनि वाईट काय, तर पडलेला मानूस लगेच उठतो." मी ते लिहिलं. लिहून झाल्यावर दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

तीन-चार गेम झाल्यावर ती म्हणाली, "आता पान्याचा मागतोय. दर्याचा कायतरी हाय का?"

होता. एका फळीवर वर्षभर पडून असलेला जहाजाचा गेम. एक जहाज घेऊन बेटांमागून बेटं हिंडायचं, खलाशी जमवायचे, वादळं काढायची. लांबलचक गेम, महिनोन्‌महिने चालणारा. डबीत पाचही चिठ्ठ्या गोडगोड. मी आनंदाने दिला.

तो गेम दिनेशला लागू पडला. पंधरा दिवसांनी डिस्क परत करायचा नियम होता, मी त्याच्यासाठी तो बाजूला ठेवला. दर आठवड्याला हिराबाय खबर द्यायची. पाणी बरोबर नाही म्हणतो, भरतीचं पाणी असं येत नसतं. पण वारा बरोबर आहे म्हणतो. जहाजाला नाव द्यायचं होतं, त्याने 'हिरा' दिलं. हे सांगताना ती पदराने तोंड पुसायला लागली. मग एकदा म्हणाली, तर्जनी वाकते आता पूर्ण. मग अंगठा. पाचव्या महिन्यात म्हणाली, परवा चहाचा कप उजव्या हाताने उचलला, अर्धा सांडला, पण उचलला. त्या दिवशी मी तिला दुकानात आत बसवून चहा पाजला.

पुढच्या आठवड्यात ती आली ती डिस्क घेऊनच. काउंटरवर ठेवली.

"नको बोलतो."

"का गं? संपला?"

"ग्येला सगला. लाल दिव्याच्या बेटापरत पोचलेला. हॉस्पिटलला जायचं व्हतं, खाली टॅक्सी उभी. मी बोलले बंद कर, बंद कर. तो बोलला बंदरात लागूंदे. मी घाई केली. मंग पान्यातच सेव्ह मारला. आलो तवा कार्ड कोरा." तिने डबी माझ्याकडे सरकवली. "चार दिस झाले. हात चादरीखाली घालून पडलाय. माज्यामुलं झाला बाय. मी घाई करायला नको व्हती."

मी काहीतरी समजुतीचं बोलले. काय बोलले ते आठवत नाही. पाण्यात सेव्ह मारला, हे तिचे शब्द मात्र डोक्यात अडकले, कारण मी न वाचता काढलेल्या चिठ्ठ्यांत असं काही असेल का, अशी शंका आली. ती गेल्यावर मी पत्र्याचा डबा खाली काढला. सगळ्या चिठ्ठ्या काउंटरवर ओतल्या. शोधायला फार वेळ लागला नाही, अक्षर ओळखीचं होतं.

"चांगलं : नांगर उचलतानाचं संगीत. वाईट : जहाज पाण्यात असताना सेव्ह मारू नका. कार्ड जातं. बंदराला लागल्यावरच मारा."

पेडणेकरांनी बारा वर्षांत पहिल्यांदाच डबीऐवजी गेममधल्या एखाद्या गोष्टीला चांगलं म्हटलं होतं. निदान त्यावरून तरी मी थांबायला हवं होतं. मत आणि इशारा ह्यांतला फरक मला कळला नव्हता, कारण मी वाचलंच नव्हतं.

संध्याकाळी पेडणेकर आले. मी चिठ्ठी त्यांच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे मी सगळ्यात खोड काढतो म्हणून माझं खरंही खोटंच, नाही का?"

मी काउंटरवरच्या चिठ्ठ्या गोळा करायला लागले.

"त्या बाईला सांगितलंत?"

"नाही."

"ती म्हणतेय माझ्यामुळे झालं, आणि तुम्ही ऐकून घेतलंत."

मी मान हलवली. दुसऱ्या कुणी एवढं सरळ म्हटलं असतं तर मी उलट बोलले असते. माझी जीभ काही कमी तिखट नाही, मसाला गल्लीत वीस वर्षं काढली आहेत. पण त्या दिवशी ती चिठ्ठी घडी घालून पर्समध्ये ठेवली, एवढंच.

मग मी जे केलं त्याला पश्चात्ताप म्हणा, नाहीतर पळवाट म्हणा. मला तेव्हा वाटलं की सांगायला जायचं तर रिकाम्या हाताने कसं जाऊ? त्याचा खेळ त्याला परत मिळवून द्यायचा. म्हणजे मीच तो गेम पहिल्यापासून खेळायचा, लाल दिव्याच्या बेटापर्यंत न्यायचा आणि ते कार्ड त्याला द्यायचं. दुकान दुपारी दोन ते पाच बंद असे. नवं कार्ड घातलं, जहाजाचं नाव 'हिरा' दिलं आणि वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी पहिल्यांदा खेळायला बसले.

पहिला आठवडा मी बंदरातून बाहेरच पडले नाही. जहाज धक्क्यावर आपटायचं. दुसऱ्या आठवड्यात बाहेर पडले आणि समोरच्याच खडकावर फुटले, सतरा वेळा.  गणवेशांचा हंगाम सरला होता, म्हणून पेडणेकर दुपारी दुकानात यायला लागले. कंट्रोलरला हात लावत नसत, मागे स्टुलावर बसून नावं ठेवत. "शीड उशिरा सोडलंत." "वाऱ्याकडे बघा, नकाशाकडे नको." "ताई, तुम्ही डोळे मिटता." मी खरंच मिटत होते. शिकवण्याची त्यांची तीच पद्धत होती, आणि ती लागू पडली.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की बारा वर्षं लोक काय लिहीत होते. अर्धा क्षण उशीर होतो म्हणजे काय, ते त्या अर्ध्या क्षणात बुडाल्यावर कळतं. नांगर उचलतानाचं संगीत खरंच चांगलं आहे. सतरा वेळा फुटल्यावरही ते ऐकलं की पुन्हा निघावंसं वाटायचं. एका बेटावर एक म्हातारा खलाशी भेटतो, त्याला जहाजावर घेतलं तर वादळात तो पहिला मरतो. मी तो मेल्यावर मशीन बंद करून उगाच फळ्या पुसत बसले. मग दिनेशने ह्याच ठिकाणी काय केलं असेल, हा विचार आला, आणि माझ्या लक्षात आलं की मी ज्याला परत द्यायला निघाले होते ते त्याचं काही मला माहीतच नव्हतं. तो त्या म्हाताऱ्याला घेऊन गेला की मागे ठेवून गेला?

गणपती उलटून गेले होते तेव्हा मी खेळायला बसले होते, लाल दिव्याच्या बेटावर पोचले तेव्हा शिमगा जवळ आला होता. मधल्या काळात हिराबाय दोनदा रस्त्यात दिसली. एकदा मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले. तेही इथे लिहून ठेवते.

लाल दिव्याच्या पुढे मी आणखी दोन बेटं गेले. थांबवलं नाही स्वतःला. खरं तर घाबरत होते, जितकं पुढे जाईन तितकं हिराबायकडे जाणं लांबेल. शेवटी पेडणेकरच म्हणाले, "कार्ड परत द्याल हो, पण चिठ्ठीचं काय?"

दुसऱ्या दिवशी कार्ड, डिस्क आणि ती चिठ्ठी घेऊन कोळीवाड्यात गेले. हिराबायचं घर म्हणजे पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर. दिनेश खाटेवर उशीला टेकून बसला होता. पहिल्यांदाच पाहत होते त्याला. रुंद खांद्यांचा, दाढी वाढलेली, आईचेच डोळे. फळीवरचा माझा कंट्रोलर कपाटावर ठेवला होता, वर टॉवेल टाकून.

मी म्हटलं, "तुझं जहाज आणलंय," आणि कार्ड मशीनला लावलं. पडद्यावर लाल दिव्याच्या पलीकडचं बंदर आलं. जहाजावर 'हिरा' हे नाव. हिराबाय पुढे होऊन बघायला लागली.

दिनेशने बराच वेळ पाहिलं.

"ह्यो माजा नाय," तो म्हणाला. रागाने नाही, नुसतं सांगितल्यासारखं. "माजं शीड पिवलं व्हतं. आनि म्हातारा कुठंय?"

"वादळात गेला."

"मी त्याला घरी सोरलेला."

एवढंच. मी ठरवून आणलेलं भाषण मग जमलं नाही. पर्समधून पेडणेकरांची चिठ्ठी काढली आणि हिराबायच्या हातात न देता, तिला वाचायला अवघड जातं म्हणून, स्वतःच मोठ्याने वाचली. मग म्हटलं, "ही पेडणेकरांची चिठ्ठी डबीत होती. मी काढली. डिस्क पडून राहत होती म्हणून काढली. तुझ्या घाईने काही झालं नाही, हिराबाय. तुला आधी सांगायला हवं होतं. सहा महिने मी गप्प बसले."

हिराबाय माझ्याकडे वळली. "तुला ठावं व्हता?"

"तू डिस्क आणलीस त्याच दिवशी कळलं."

"आनि मी देवासमोर नाक घासत व्हते," ती म्हणाली आणि आत निघून गेली. आत भांडी जोरजोरात आपटल्याचे आवाज येऊ लागले. मला त्याचं बरंच वाटलं. न ओरडता बसली असती तर मला ते सोसवलं नसतं.

दिनेशने विचारलं, "पेडणेकर म्हनजे ते डबी मजबूत हाय लिवनारे?"

"हो."

"त्यांची मी पहिली वाचायचो. बाकीचे उगाच कायपन लिवतात." त्याने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. "त्यांची नव्हती, म्हनून मला वाटला, ह्यात खोट नसल."

 चिठ्ठी डिस्कच्या डबीत परत घातली, डबी आणि कार्ड तिथेच ठेवून निघाले. दारापर्यंत सोडायला कुणी आलं नाही, आणि येऊही नये.

दुसऱ्या दिवसापासून मी पत्र्याच्या डब्यातल्या सगळ्या चिठ्ठ्या परत डिस्कच्या डब्यांमध्ये घालायला सुरुवात केली. कुठली कुठल्या गेमची ते ठरवायला पेडणेकर बसले. चार-पाच दिवस लागले. झाकणं पुन्हा लागेनाशी झाली, तेव्हा रबरबँड लावले. काही डिस्क त्यानंतर कुणी नेल्याच नाहीत. त्या न नेण्यासारख्याच होत्या.

तीन आठवड्यांनी दुपारी हिराबाय आली. दारात उभी राहिली नाही, सरळ आत आली. पिशवीतून जहाजाच्या गेमची डबी काढून काउंटरवर ठेवली. मी सवयीने पेन उचललं, आता ती मत सांगणार म्हणून.

"नको," ती म्हणाली. "आत हाय. त्यानंच लिवलाय. उजव्या हातान. दोन दिस लागले."

मी डबी उघडायला गेले तर तिने हात ठेवला. "मी ग्येल्यावर बघ." मग फळ्यांकडे वळली. "दुसरा दे."

"कुठला देऊ?"

"पान्याचाच. पन पेडणेकरांची चिठ्ठी असल तो दे."

मी शोधून दिला. त्यात पेडणेकरांनी नऊ खोडी काढल्या होत्या, चिठ्ठी दोन्ही बाजूंनी भरलेली. हिराबायने ती उघडून पाहिली, कागद भरलेला आहे एवढी खात्री केली आणि डबी पिशवीत टाकून गेली. माझ्याशी पहिल्यासारखं बोलायला तिला पुढे वर्ष लागलं, आणि दिनेशचे गेम त्यानंतर सात वर्षं माझ्याकडूनच जात राहिले.

पाच वर्षांपूर्वी दुकान बंद केलं. आता डिस्क कुणी मागत नाही, गेम थेट मशीनमध्ये उतरतात, आणि मतं मोबाइलवर ताऱ्यांनी देतात. पाच तारे, दोन तारे. त्यात बरी मागे राहतात नि वाईट गायब होतात का, मला माहीत नाही. बहुतेक डिस्क मी ज्यांनी त्या सर्वांत जास्त वेळा नेल्या त्यांना वाटून टाकल्या. पेडणेकरांनी त्यांच्या वाट्याची डिस्क घेतली आणि पावती म्हणून चिठ्ठी दिली, "चांगलं : फुकट मिळाली."

जहाजाच्या गेमची डबी तेवढी घरी आणली आहे. त्यात सगळ्यात वर ती चिठ्ठी आहे. अक्षरं मोठी, वाकडी, एक ओळ वर चढलेली, पेन कागदात रुतलेलं.

"चांगलं : ताई दोन बेटं पुढे गेल्या.

वाईट : जहाज पाण्यात असताना सेव्ह मारू नका. कार्ड जातं. ही चिठ्ठी काढू नका."